सागरपरिक्रमेची पूर्वतयारी : ‘म्हादेई’ नौका, तिचा नाविक आणि मॉरिशसची चाचणी सफर – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमा’ प्रकल्पांतर्गत कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. या घटनेचे वर्णन बहुधा प्रवासातील साहसाच्या अंगाने केले जाते. त्याआधीच्या तीन वर्षांच्या पूर्वतयारीकडे मात्र इतिहासलेखनाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात नौकेची बांधणी, नाविकाचे प्रशिक्षण, शिधासामग्री, वाऱ्याच्या ऋतुचक्राचा विचार आणि विषुववृत्त ओलांडून केलेली मॉरिशसची चाचणी सफर या अंगांनी त्या पूर्वतयारीचा आढावा घेतला आहे. मराठी मुलखातील आरमारी परंपरा, मुंबईत बांधलेली ‘सुहैली’ ही नौका आणि २००९ नंतरच्या मोहिमा यांच्या संदर्भात या तयारीचे ऐतिहासिक स्थान निश्चित करण्याचा हा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : सागर परिक्रमा, म्हादेई, दिवाडी, मॉरिशस, मोसमी वारे, नौकाबांधणी, सागरी इतिहास.

१. प्रस्तावना

भंडारा जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि पाणी आणि नाव यांचा या जिल्ह्याला परिचय नाही, असे म्हणता येणार नाही. वैनगंगा नदी जिल्ह्यातून वाहत पुढे वर्धा नदीस मिळते, त्या संगमापासून तिला प्राणहिता हे नाव लाभते आणि अखेर गोदावरीच्या द्वारे तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. वैनगंगेच्या काठचे पवनी हे प्राचीन नगर १९६९-७० मधील उत्खननामुळे बौद्ध स्तूपांचे स्थान म्हणून देशाला ज्ञात झाले. याच नदीवर ढिवर समाजाचा डोंगा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहरासह नदीकाठच्या अनेक गावांना वेढा दिला, तेव्हा माणसे बाहेर काढण्यासाठी नावेखेरीज साधन उरले नाही. पूर आल्यावर नाव शोधावयाची की पुरापूर्वी ती सज्ज ठेवावयाची, हा प्रश्न त्या काळात या जिल्ह्याने प्रत्यक्ष अनुभवला.

असे असले तरी विदर्भातील महाविद्यालयीन इतिहासाच्या अध्यापनात सागरी इतिहासाचे स्थान गौण राहिले आहे. गड, दरबार, लढाया आणि महसूल यांवर विपुल लेखन होते. नौका कशी बांधली जाते, खलाशी कसा घडतो, सफरीचा मुहूर्त कोणत्या वाऱ्यावर ठरतो, हे विषय किनारपट्टीचे म्हणून बाजूला पडतात. वस्तुतः पूर्वतयारीचा इतिहास हा श्रम, तंत्र व ज्ञान यांचा इतिहास आहे आणि त्याला किनाऱ्याची सीमा नाही. या भूमिकेतून ‘म्हादेई’ नौकेच्या पूर्वतयारीचा विचार येथे केला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) मराठी मुलखातील सागरी सफरीच्या पूर्वतयारीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
(आ) ‘म्हादेई’ नौकेची बांधणी व तिच्या नाविकाचे प्रशिक्षण यांचा आढावा घेणे.
(इ) मॉरिशसच्या चाचणी सफरीचे पूर्वतयारीतील महत्त्व तपासणे.
(ई) ‘एकट्याने’ व ‘विनासाहाय्य’ या संकल्पनांची इतिहासाच्या दृष्टीने चिकित्सा करणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कालखंड मुख्यतः २००६ ते २०१० असा आहे. तुलनेसाठी मागील व पुढील घटनांचा आधार घेतला आहे.

३. पूर्वपीठिका : नौकाबांधणी आणि मोसमाची शिस्त

सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी केली, तेव्हा कल्याण-भिवंडी परिसरातील नौकाबांधणीसाठी स्थानिक सुतारांबरोबर पोर्तुगीज कारागिरांचे साहाय्य घेण्यात आले होते. परक्या तंत्राचा स्वीकार करून स्वतःची नौका उभी करणे ही गोष्ट मराठी आरमाराच्या प्रारंभापासूनच आढळते. १६६५ मधील बसरूरच्या स्वारीसाठी महाराजांनी मालवणहून समुद्रमार्गे प्रयाण केले. त्या प्रसंगी गलबतांची जुळवाजुळव, शिधापाणी व अनुकूल वाऱ्याची निवड या बाबी लढाईइतक्याच निर्णायक होत्या.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या ‘आज्ञापत्रा’त (१७१५) आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजासाठी कोणते लाकूड तोडावे, रयतेची आंबा-फणसासारखी झाडे का तोडू नयेत आणि पावसाळ्यात आरमाराची छावणी कोठे करावी, याचा विचार त्यात आला आहे. युद्धाच्या वर्णनापेक्षा तयारीच्या नियमांना त्यात मिळालेले स्थान लक्षणीय आहे. आरमाराचे बळ समुद्रावर दिसते, परंतु ते जंगलात, गोदीत आणि कोठारात साठत असते, ही जाणीव त्यामागे दिसते.

कोकणातील मच्छीमार व व्यापारी गलबतांचे वर्षही अशाच शिस्तीने बांधलेले होते. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होण्यापूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारणे, पावसाळ्यात शिडे व दोरखंड दुरुस्त करणे आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला मानणे, हा क्रम चालत आला. तांडेल आणि खलाशी यांचे ज्ञान ग्रंथात नव्हते. ते या क्रमात होते.

अठराव्या शतकात १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतहून मुंबईस आल्यानंतर मुंबईच्या गोदीला जागतिक कीर्ती लाभली. तेथे मलबारी सागवानातून बांधलेले व १८१७ मध्ये जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेले आहे. पूर्व किनाऱ्यावर गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा येथेही नदीतून वाहून आणलेल्या सागवानापासून जहाजे बांधली जात. पुढे बाष्पशक्ती व लोखंडी जहाजे यांच्या आगमनाने शिडाच्या मोठ्या जहाजांचा काळ संपला. दूर पल्ल्याच्या शिडाच्या प्रवासाचे ज्ञान हळूहळू किनारी वाहतुकीपुरते आक्रसत गेले.

४. ‘सुहैली’ आणि ‘तृष्णा’

या परंपरेचा एक धागा मात्र अनपेक्षित रीतीने टिकून राहिला. १९६० च्या दशकात ब्रिटिश व्यापारी नौसेवेतील तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी मुंबईत सागवानाची ३२ फुटी शिडाची नौका बांधून घेतली. अरबी खलाशांच्या बोलीतील एका वाऱ्याच्या नावावरून तिचे नाव ‘सुहैली’ ठेवण्यात आले. मुंबईहून पूर्व आफ्रिका व केपटाउनमार्गे ती इंग्लंडला नेण्यात आली. १४ जून १९६८ रोजी फालमथ येथून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतलेल्या नॉक्स-जॉन्स्टन यांनी कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. मानवी इतिहासातील अशी ती पहिली प्रदक्षिणा होय. ‘गोल्डन ग्लोब’ या शर्यतीत नऊ नाविक उतरले होते. शर्यत पूर्ण केली ती एकट्या ‘सुहैली’ने. मुंबईच्या सुतारांच्या हातची ही नौका जगाच्या सागरी इतिहासात अमर झाली, मात्र तिच्या सुतारांची नावे सामान्य वाचकापर्यंत पोहोचली नाहीत.

भारतीयांची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा १९८५ ते १९८७ या काळात भारतीय सेनेच्या अभियंता दलातील अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’ या नौकेतून केली. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि ती सामूहिक प्रदक्षिणा होती आणि नौका परदेशी बनावटीची होती. भारतात बांधलेली नौका आणि तिच्यावर एकटा भारतीय नाविक, हा संयोग त्यानंतरही घडावयाचा होता.

५. संकल्पना आणि नाविकाची घडण

या संयोगाची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धातील कामगिरीबद्दल वीरचक्राने सन्मानित झालेले आवटी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी येथे राहत होते. एखाद्या भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीला वळसा घालावा, असा आग्रह त्यांनी नौदलाकडे धरला. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातील एका खेड्यातून या प्रकल्पाचा पाठपुरावा झाला, ही बाब अंतर्भागातील वाचकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

एप्रिल २००६ मध्ये नौदलातील पाणबुड्या शाखेचे अधिकारी कमांडर दिलीप दोंदे यांनी या कामासाठी स्वेच्छेने नाव दिले. त्या वेळी नौका नव्हती, आराखडा नव्हता आणि देशात या प्रकारचा अनुभव असलेला शिक्षकही नव्हता. नौदलाकडे युद्धनौकांचे अफाट ज्ञान होते. पण एकट्या माणसाने शिडाच्या नौकेत महिनोन्‌महिने कसे राहावे, झोप केव्हा घ्यावी, तुटलेले शीड कोणी शिवावे, हे ज्ञान त्या व्यवस्थेत सामावलेले नव्हते.

यासाठी दोंदे इंग्लंडला गेले. त्या वर्षी नॉक्स-जॉन्स्टन वयाच्या ६७ व्या वर्षी एकहाती जगप्रदक्षिणेच्या दुसऱ्या एका शर्यतीची तयारी करीत होते. त्यांच्या किनाऱ्यावरील मदतनीसांमध्ये सामील होऊन दोंदे यांनी दोरखंड, शिडे, डोलकाठी, विद्युत यंत्रणा व शिधासाठा यांची प्रत्यक्ष जुळणी पाहिली आणि केली. मुंबईत बांधलेल्या नौकेच्या नाविकाकडून चार दशकांनंतर एक मराठी नाविक शिकत होता. ज्ञानाच्या परतीचा हा प्रवास या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत अर्थपूर्ण दुवा मानावा लागेल. शिक्षणाचे स्वरूपही लक्षणीय आहे. वर्गातील व्याख्यानांऐवजी दुसऱ्याच्या नौकेवर पडेल ते काम करणे, ही जुन्या काळी तांडेलाच्या हाताखाली खलाशी शिकत असे तीच रीत होती.

६. दिवाडी बेटावरील बांधणी

नौकेसाठी नेदरलँड्समधील व्हॅन डी स्टाट या आरेखन संस्थेचा ‘टोंगा ५६’ हा आराखडा निवडण्यात आला. बांधणीचे काम गोव्यातील मांडवी नदीतील दिवाडी बेटावरील ॲक्वेरियस या नौकाबांधणी कारखान्याकडे आले. रत्नाकर दांडेकर हे त्याचे प्रमुख. नौकेची लांबी ५६ फूट म्हणजे सुमारे १७ मीटर आणि वजन सुमारे २३ टन होते.

बांधणीचे तंत्र पारंपरिक व आधुनिक यांच्या मधले होते. लाल देवदाराच्या अरुंद पट्ट्या एकमेकींना जोडून कवच तयार करावयाचे आणि त्याच्या आतून-बाहेरून काचतंतूचे थर इपॉक्सी या रासायनिक राळेने बसवावयाचे, अशी ही रीत आहे. लाकूड हलकेपणा व घडण देते, काचतंतू मजबुती व जलरोधकता देतो. या पद्धतीत हाताच्या कौशल्याला पर्याय नसतो. पट्टीचा सांधा किंचित चुकला तरी नौकेचा आकार बिघडतो. राळेत हवेचा बुडबुडा राहिला तर नेमकी तीच जागा पुढे धोक्याची ठरते. शिवाय इपॉक्सी राळ दमटपणा व तापमान यांना संवेदनशील असते. युरोपातील कारखान्यासाठी जी बाब साधी, ती कोकणपट्टीच्या दमट हवेत दररोजच्या दक्षतेची होते.

येथे एका मूलभूत फरकाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. युरोपीय नाविक उष्ण कटिबंधाच्या सफरीची तयारी करतो, तेव्हा ऊन, दमटपणा, बुरशी, तळाला चिकटणारे जलजीव व अन्नाचे लवकर नासणे या त्याच्यासाठी नव्या अडचणी असतात. भारतीय नौकेचा जन्मच उष्ण कटिबंधात होतो. तिला या अडचणी पहिल्या दिवसापासून असतात आणि त्यांच्या जोडीला दक्षिण महासागरातील थंडी व उत्तुंग लाटा यांचीही तयारी ठेवावी लागते. म्हणजे तिची पूर्वतयारी दुहेरी असते.

नौका २००८ च्या अखेरीस पाण्यात उतरली आणि १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौदलात दाखल झाली. मांडवी नदीचे उगमाकडील नाव ‘म्हादेई’. तेच नाव नौकेस देण्यात आले. बांधणीच्या काळात दोंदे यांचा मोठा काळ गोव्यात गेला. नौकेतील प्रत्येक नळ, तार व झडप कोठे आहे हे अंधारातही ठाऊक असणे एकट्या नाविकाला अनिवार्य असते. खोल समुद्रात सुतार, वीजतंत्री, शिंपी, वैद्य आणि आचारी या सर्व भूमिका त्यालाच निभवावयाच्या असतात. त्यामुळे बांधणीचा काळ हाच त्याच्या प्रशिक्षणाचाही काळ ठरला.

७. मॉरिशसची सफर : पूर्वतयारीची कसोटी

नवी नौका आणि नवा एकहाती नाविक यांना एकदम दक्षिण महासागरात पाठविणे अविचाराचे ठरले असते. म्हणून किनाऱ्यालगतच्या छोट्या सफरींनंतर २००९ च्या पूर्वार्धात मॉरिशसची सफर आखण्यात आली. जाताना सोबत खलाशी होते; परतीचा प्रवास दोंदे यांनी एकट्याने केला.

मॉरिशसची निवड अनेक अर्थांनी समर्पक होती. गोव्यापासून तेथवरचे सरळ अंतर सुमारे २,३०० ते २,४०० सागरी मैल आहे. किनाऱ्याची मदत संपावी इतके ते लांब आहे आणि चूक झाल्यास परत येता यावे इतके जवळही आहे. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर वसले आहे. भंडारा शहर उत्तरेस सुमारे २१ अंशांवर आहे. म्हणजे विषुववृत्ताच्या आरशात पाहिल्यास दोन्ही स्थाने जवळपास समान अक्षांशांवर येतात. एकाच कटिबंधाच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाणारा हा मार्ग नाविकाला वाऱ्यांचे तीन भिन्न पट्टे दाखवितो.

पहिला पट्टा अरबी समुद्रातील मोसमी वाऱ्यांचा. हिवाळ्यात ते ईशान्येकडून व पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून वाहतात. मधल्या संक्रमणकाळात ते दुबळे व लहरी असतात. दुसरा पट्टा विषुववृत्तालगतच्या निर्वात प्रदेशाचा. येथे शिडे लोंबकळतात, मध्येच अचानक वादळी सरी कोसळतात आणि नाविकाच्या संयमाची परीक्षा होते. तिसरा पट्टा दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वाऱ्यांचा. मॉरिशसकडे जाताना हे वारे बरेचसे समोरून येतात. त्यामुळे नौकेला तिरपे तिरपे चढावे लागते आणि तिचे कवच, डोलकाठी व दोरखंड यांवर सर्वाधिक ताण येतो. परतताना हेच वारे बाजूने साहाय्य करतात आणि विषुववृत्त ओलांडल्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे पाठीशी येतात. थोडक्यात, जाण्याच्या मार्गावर नौकेची परीक्षा आणि येण्याच्या मार्गावर नाविकाची परीक्षा, अशी ही योजना होती.

या परीक्षेत तपासावयाच्या बाबी अनेक होत्या. वाऱ्याच्या दिशेनुसार आपोआप सुकाणू सांभाळणारे यंत्र हा एकट्या नाविकाचा दुसरा हात असतो. ते बिघडले तर झोप अशक्य होते. झोप सलग न घेता अल्प टप्प्यांत घ्यावी लागते, विशेषतः जहाजांच्या वर्दळीच्या मार्गावर. गोड्या पाण्याचा वापर मोजून करावा लागतो. सुरक्षापट्टा अंगावर नसताना डेकवर पाऊल टाकावयाचे नाही, ही सवय अंगी मुरवावी लागते. कारण एकटा नाविक पाण्यात पडला तर नौका पुढे निघून जाते आणि तिला थांबविणारा कोणी नसतो. शिध्याच्या बाबतीत म्हैसूर येथील संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले तयार अन्न हा या मोहिमांच्या साठ्यातील एक उपयुक्त घटक ठरला. तरीही शिधा किती दिवसांचा, याबरोबरच हलत्या स्वयंपाकघरात एका हाताने काय शिजविता येते, हाही प्रश्न सफरीतच सुटतो.

या मार्गाला मराठी इतिहासाचा आणखी एक पदर आहे. १८३४ पासून मॉरिशसमधील उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. मुंबई बंदरातून शिडाच्या जहाजांनी गेलेल्यांत कोकणातील मराठी भाषक कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात. त्या मजुरांना सफरीची तयारी करण्याची संधी नव्हती. पाणी, अन्न व जागा यांचा निर्णय इतरांच्या हाती होता. त्याच पाण्यावरून एक मराठी नाविक स्वतःच्या तयारीच्या भरवशावर एकटा परतला, या घटनेकडे त्या पार्श्वभूमीवर पाहणे उचित ठरेल.

८. प्रस्थान व प्रदक्षिणा

१९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ने मुंबई सोडली. त्या वर्षीची नारळी पौर्णिमा ५ ऑगस्टला होती. परंपरेच्या दृष्टीने समुद्र खुला झाला होता, तरी नैर्ऋत्य वारे पूर्णपणे ओसरले नव्हते. त्यांना तोंड देत निघण्याचे कारण दूरचे होते. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेले केप हॉर्न दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यातच, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, ओलांडणे सुरक्षित मानले जाते. प्रस्थानाची तारीख मुंबईच्या आकाशाकडे पाहून ठरलेली नव्हती. ती हजारो मैल दूरच्या ऋतूवरून मागे मोजत ठरविली होती.

ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ले आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन या चार बंदरांवर थांबे घेण्यात आले. या थांब्यांवर नौकेची तपासणी व दुरुस्ती करण्यात नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांनी किनाऱ्यावरील साहाय्यकाची भूमिका बजावली. जानेवारी २०१० मध्ये केप हॉर्न ओलांडून १९ मे २०१० रोजी नौका मुंबईच्या पाण्यात परतली. अशा प्रदक्षिणेसाठी किमान २१,६०० सागरी मैलांची अट मानली जाते. ३६० अंशांचे वर्तुळ आणि प्रत्येक अंशाला ६० सागरी मैल, असा त्याचा साधा हिशेब आहे. या कामगिरीबद्दल दोंदे यांना शौर्यचक्र प्रदान करण्यात आले.

९. तयारीची परंपरा आणि तिच्या मर्यादा

एका सफरीची तयारी पुढील सफरीस उपयोगी पडते तेव्हाच तिची परंपरा होते. दोंदे यांचे किनाऱ्यावरील साहाय्यक अभिलाष टॉमी यांनी त्याच ‘म्हादेई’तून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघून ३१ मार्च २०१३ रोजी कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली. त्यानंतर महिला नाविकांचा चमू तयार करण्याचे काम सुरू झाले. दोंदे त्यांचे प्रशिक्षक होते. या चमूने २०१६ मध्ये ‘म्हादेई’तून मॉरिशसची सफर केली. दिवाडी येथेच बांधलेल्या ‘तारिणी’ या नौकेतून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात प्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. या दोघींनी २०२४ मध्ये मॉरिशसची सफर दोघींनीच करून, २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात ‘तारिणी’तून पृथ्वीला वळसा घातला. २००९, २०१६ आणि २०२४ या तिन्ही वेळी मॉरिशसचा मार्ग परीक्षेसाठी वापरला गेला. एका प्रकल्पाची चाचणी सफर पुढे एका प्रशिक्षणपद्धतीचा भाग झाली, असे यावरून म्हणता येते.

तथापि पूर्वतयारी म्हणजे संकटाचे निवारण नव्हे, हेही तितकेच खरे आहे. एप्रिल २०१८ मध्ये सुकाणू यंत्रणेतील बिघाडामुळे ‘तारिणी’ला नियोजित नसलेला थांबा घ्यावा लागला, तोही मॉरिशसमधील पोर्ट लुई येथेच. त्याच वर्षी ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीच्या पुनरावृत्तीत टॉमी हे ‘सुहैली’ची प्रतिकृती असलेल्या, गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या नौकेतून उतरले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौकेची डोलकाठी मोडली व त्यांच्या मणक्याला गंभीर इजा झाली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर ते सुमारे तीन दिवस हालचालीविना पडून होते. संदेशयंत्रणा चालू राहिली, म्हणून त्यांचे स्थान कळत राहिले आणि २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांची सुटका केली. डोलकाठी वाचविणे तयारीच्या हाती राहिले नाही; माणूस वाचविणे मात्र राहिले. उपचारांनंतर याच शर्यतीच्या पुढील आवृत्तीत त्यांनी २०२३ मध्ये दुसरा क्रमांक मिळविला.

या साखळीची अलीकडील कडी म्हणजे ‘कौंडिण्य’ ही टाके घालून बांधलेली शिडाची नौका होय. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून प्रेरणा घेऊन केरळातील कारागिरांनी गोव्यात तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. मे २०२५ मध्ये नौदलात दाखल होऊन डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ती पोरबंदरहून मस्कतकडे निघाली व जानेवारी २०२६ मध्ये तेथे पोहोचली.

१०. ‘विनासाहाय्य’ या शब्दाचा अर्थ

सागरी परिभाषेत ‘विनासाहाय्य’ याचा अर्थ समुद्रावर असताना बाहेरची प्रत्यक्ष मदत न घेणे एवढाच आहे. लोकप्रिय लेखनात मात्र या शब्दाला ‘केवळ एकट्याच्या बळावर’ असा अर्थ चिकटतो. ‘म्हादेई’च्या पूर्वतयारीत डच आराखडा, ब्रिटिश गुरू, गोमंतकीय कारखाना, विंचुर्णीतून पाठपुरावा करणारा निवृत्त सेनानी आणि नौदलाची संस्थात्मक शक्ती या सर्वांचा वाटा होता. यामुळे नाविकाचे श्रेय उणावत नाही. रात्रीच्या वादळात शीड उतरविण्यास डेकवर जाणारा माणूस एकच होता. परंतु जे शीड उतरत होते, जी दोरी तुटत नव्हती आणि जे कवच फुटत नव्हते, ते अनेकांच्या हातचे होते. ‘सुहैली’च्या सुतारांच्या बाबतीत इतिहासलेखनाने जी उपेक्षा केली, ती दिवाडीच्या कारागिरांच्या बाबतीत होऊ नये, ही अपेक्षा रास्त आहे.

‘स्वदेशी’ या शब्दाबाबतही हेच म्हणावे लागेल. परक्या आराखड्यावर बांधलेली नौका स्वदेशी कशी, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर सतराव्या शतकातील कल्याण-भिवंडीच्या अनुभवात आहे. बाहेरून घेतलेले तंत्र स्थानिक हातांनी आत्मसात केले आणि पुढील नौका त्याच हातांनी उभी राहिली, तर ते ज्ञान त्या भूमीचे होते. ‘म्हादेई’नंतर ‘तारिणी’ व ‘थुरिया’ त्याच दिवाडीवर उभ्या राहिल्या, हा त्याचा पुरावा होय.

११. निष्कर्ष

(१) ‘सागर परिक्रमा’ प्रकल्पाचे यश २००६ ते २००९ या काळातील पूर्वतयारीवर उभे होते. प्रत्यक्ष प्रदक्षिणेला सुमारे नऊ महिने लागले. तयारीला त्याच्या चौपट काळ गेला.

(२) नौकेची बांधणी व नाविकाची घडण या दोन स्वतंत्र प्रक्रिया नव्हत्या; एकट्या नाविकाच्या बाबतीत त्या एकाच वेळी व एकाच जागी व्हाव्या लागतात.

(३) मॉरिशसची सफर ही विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे वारे अनुभवास आणणारी चाचणी ठरली आणि पुढील मोहिमांमध्ये ती प्रशिक्षणाचा भाग बनली.

(४) मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’चा नाविक व ‘म्हादेई’चा नाविक यांचे गुरू-शिष्य नाते हे भारतीय नौकाबांधणीच्या खंडित परंपरेला पुन्हा जोडणारे ठरले.

(५) सागरी इतिहासात नाविकांबरोबर सुतार, कारागीर व किनाऱ्यावरील साहाय्यक यांची नोंद होणे आवश्यक आहे.

वैनगंगेच्या काठी डोंगा घडविणाऱ्या व चालविणाऱ्या हातांचे ज्ञानही असेच अलिखित आहे. कोणत्या झाडाचे खोड निवडावे, पावसाळ्यापूर्वी डोंग्याची डागडुजी कशी करावी, पुराचे पाणी कोणत्या वळणावर कसे वागते, हे जाणणारी वृद्ध मंडळी जिल्ह्यात आजही आहेत. २०२० च्या पुराने या ज्ञानाची निकड दाखवून दिली आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्याची मौखिक नोंद हाती घेतल्यास स्थानिक इतिहासाची ती मोलाची भर ठरेल, आणि पुढील पुराच्या वेळी त्याचा प्रत्यक्ष उपयोगही होईल.